जनावर क्रमांक एकोणीस

बैल उठतो तेव्हा आधी मागचा भाग उचलतो,
पुढचे गुडघे क्षणभर जमिनीलाच टेकलेले.
घोडा उलटा, आधी पुढून.
सव्वीस वर्षं जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर आहे,
एवढं तर कळतं.

नागपूरहून आलेल्या खोक्यातल्या कागदावर मात्र
हे काहीच नसतं.
बावन्न तुकडे, गोंदाची एक नळी
आणि वासलेलं तोंड.

सगळ्यांचंच वासलेलं. माझ्याकडे अठरा आहेत,
अठराही असे ओरडताना, जसं मीच आत्ता
लाळखुरकतीचं इंजेक्शन टोचलं.
मी पाहिलेली जनावरं बहुतेक वेळ
तोंड मिटून असतात.
शेपटीनं माश्या वारतात. कुणाची तरी वाट पाहतात.

म्हणून रात्री, लाइन असली तर,
तापल्या पात्यानं जबडा कापतो, मिटवतो,
फट एमसीलनं बुजवतो.
वनमाला म्हणते,
"दिवसभर ढोरं, रातीही ढोरंच?
अन् हे त दूधबी देत नाही."

दवाखान्याचं रजिस्टर उंदरांनी कुरतडलं,
उरलेली कोरी पानं मी घरी आणली.
अनुक्रमांक. जात. रंग. मालकाचे नाव. तक्रार.
चार: तीन शिंगांचा. डावं शिंग टपालात मोडलं.
नऊ: पाठीवर शीड असलेला. उभा राहत नाही,
पणतीला टेकवून ठेवला आहे.

अडतं ते रंगाच्या रकान्यात.
त्यांचा रंग बहुतेकांचा कुणालाच माहीत नाही म्हणतात,
तरी खोक्यावरचा हिरवा मला पटत नाही.
एवढा हिरवा आमच्याकडे जुलैतच असतो
आणि जुलैतही सरडा तसा नसतो.
मग गाडी थांबवून बघत बसतो,
धुऱ्यावरच्या रोह्याची निळी राख,
घोरपडीच्या गळ्याखालचा मळका पिवळा,
पऱ्हाटी उपटल्यावर काळ्या मातीच्या भेगेत
कडेकडेनं दिसणारा करडा.
तो करडा अजून साधला नाही.
चार बाटल्या संपल्या.

पिसदुऱ्याकडे ड्युटी होती तेव्हा
एकानं वावरातला दगड हातात दिला:
"साहेब, याले शेण म्हणतात. त्याहीचं."
शेण बघून रोग ओळखणं हे माझं काम.
उलटसुलट केलं, सवयीनं नाकाशीही नेलं.
वास गेला होता.
पण त्या दिवशी त्याचं पोट बरं असावं.
दगड होता तिथेच ठेवून आलो, आणि वाटेत ठरलं,
एकोणिसावा मी स्वतः करणार, याच मातीतला, लांब मानेचा.

बाइंडिंगची तार, कागदाचा लगदा,
चेहऱ्याला तीन रात्री.
तोंड मिटलेलं.
मागचे पाय उभे, पुढचे गुडघे टेकलेले,
आत्ताच उठतोय. कुणीतरी हाक मारल्यासारखा.
हे खरं की खोटं, शास्त्रज्ञांना विचारलेलं नाही.

तान्ह्या पोळ्याच्या सकाळी
कुळमेथ्यांची तनुजा दारात.
तिच्या लाकडी नंदीला वाळवी लागलेली.
रडत नव्हती. फळीकडे बघत होती.
"काका, हा उठून राह्यला का बसून राह्यला?"
आजवर एकानंही हे विचारलं नव्हतं.

पाटाला चाकं ठोकली, वर तो,
वनमालानंच ब्लाउजपीसची झूल कापली.
बाशिंग मानेवरून घसरत होतं,
दोऱ्यानं आवळलं.

मारुतीच्या पारासमोर रांग, सगळे नंदी,
मधे हा एक.
सरपंचबाई वाकल्या,
"याले शिंगं कुठं हायेत वं?"
"शिंगं नाही. मान हाय."

नंबर आला नाही. सगळ्यांना मिळाली
ती एक वही आणि बिस्किटाचा पुडा मिळाला.
संध्याकाळी परत आला तो
कपाळभर कुंकू घेऊन, मानेवर गुलाल,
आणि गावभरच्या धुळीखाली
माझ्या रंगाला भलताच
तो भेगेतला करडा चढलेला.

पुसायला घेतलेलं फडकं बाजूला ठेवलं.

एकोणीस. जात: इथली.
रंग: जसा आला तसा.
मालकाचे नाव: तनुजा सोमा कुळमेथे.
तक्रार: पुढचा उजवा गुडघा तडकला आहे.
उद्या बघतो.