रेषेवर

शहात्तर साली, मार्चात, एलिसेओचं जहाज
आठ दिवस गोदीत अडकलं.
विंच बिघडलेला, सुटे भाग कस्टममध्ये.
पनामाचा झेंडा, ग्रीक मालक,
आणि हा चिलीचा, भटारखान्यात कांदे सोलणारा,
पूर्वी डाव्या बगलेला खेळलेला
कुठल्याशा कोळसाखाणीच्या गावासाठी.

आम्ही गोदीची टीम.
पाळी सुटली की शिवडीला, मिठागराच्या वाऱ्यात,
डांबराच्या पिंपांचा गोल, चुन्याची रेषा.
एक गडी कमी होता. परशा भोईर,
आमचा राइट बॅक, युनियनचा चिटणीस,
आणीबाणीत आत गेलेला. नाशिकला.
एलिसेओला विचारलं, खेळतोस?
त्यानं ॲप्रन काढून पिंपावर टाकलं.

हाफटाइमनंतर मी पुढे धावलो आणि घसरलो.
गुडघा फुटला. तोंडात खारी माती.
मागे गोल सताड उघडा,
चेंडू त्याच्या डाव्या पायाशी.
तो रेषेपर्यंत आला
आणि चेंडू तळव्याखाली दाबून उभा राहिला.
मार की लेका, सगळे ओरडले.
तो माझ्याकडे बघत राहिला. हातानं म्हणाला, ऊठ.
मी लंगडत येऊन पिंपांमध्ये उभा राहिलो,
मग त्यानं मारला.
मी अडवला.
किंवा त्यानं अडवू दिला,
हे मला अजून कळलेलं नाही.

रात्री दारूखान्याच्या टपरीवर
मोडकं इंग्रजी, त्याचं आणि माझं,
बाकीचं काडेपेटीतल्या काड्यांनी.
हे स्टेडियम, त्यानं मांडलं.
लष्करानं माणसं आणून इथे कोंडली,
गॅलरीखाली, कपडे बदलायच्या खोल्यांत.
ही काडी माझा भाऊ.
मग दोन महिन्यांनी त्याच गवतावर सामना लावला.
समोरचा संघ आलाच नाही,
असल्या जागी खेळत नाही म्हणाला.
तरी शिट्टी झाली.
आमचे चौघेपाच चेंडू एकमेकांना देत गेले,
अडवायला कुणी नाही,
आणि रिकाम्या गोलात घातला.
फलकावर एक-शून्य.

नाही म्हणता आलं नसतं का त्यांना, मी विचारलं.
त्यानं जळकी काडी उचलून बशीत ठेवली.
पोरं होती त्यांना, म्हणाला.
राग नव्हता आवाजात.
घरातल्या आजारी माणसाबद्दल बोलावं,
तसा बोलला.

शनिवारी कूपरेजला आमचा सामना.
वेल्फेअरचे करंबेळकर साहेब बॅनर घेऊन आले.
वीस कलमी कार्यक्रमाचा विजय असो.
कंपनीच्या मासिकासाठी फोटो, एका रांगेत उभे राहा.
माझे हात लांब, म्हणून एक टोक माझ्याकडे.
गोलीचे हात,
आलेलं सोडायचं नाही एवढंच शिकलेले.
मी घट्ट धरलं.
परशाची दोन नंबरची जर्सी
नव्या पोराच्या अंगात ढगळ होत होती.
माझी मुलगी तेव्हा चार महिन्यांची होती,
हे मी कुणी न विचारता सांगतो.

एलिसेओ कठड्याला टेकून होता.
टाळी नाही, काही नाही.
सामना संपल्यावर (हरलो, तीन-एक)
त्यानं माझे दोन्ही तळवे हातात घेतले,
उलटेसुलटे पाहिले वैदूसारखे,
आणि कांद्याचा वास येणाऱ्या बोटांनी मिटले.
मंगळवारी भरतीला जहाज सुटलं.
मी पाळीवर होतो. बघायला गेलो नाही.

परशा पुढल्या वर्षी सुटून आला, दात दोन कमी.
मासिक त्याला आतच मिळालं होतं,
कुणीतरी शेंगदाणे बांधून दिलेलं.
म्हणाला, फोटोत तू डोळे मिटलेत.
मी म्हणालो, ऊन होतं रे.
त्यानं मान हलवली, चहा सांगितला.

दोघांनाही ठाऊक होतं,
कूपरेजला त्या बाजूला
चारनंतर सावली असते.