महिरपी कंस

स्टॉकपोर्टात हिवाळ्यात चारलाच दिवे लागतात.
ऑफिसच्या खिडकीतून विटांचा पूल दिसतो,
एकामागे एक महिरपी,
वरून मँचेस्टरची गाडी, खालून बस.

नॉरीन विचारायची, दिवसातून तीनदा तरी,
"साचे चालवलेस का?"
म्हणजे कानाच्या दवाखान्याची पत्रं:
प्रिय अमुक, मंगळवारी या, येताना जुनं यंत्र आणा.
त्यातला अमुक महिरपी कंसांत बसलेला.
तो साचा फोडून, दळून,
ब्राउझरला पचेल असं जावास्क्रिप्ट करायचं.
हाताने. दर बदलानंतर.
वरचा बाण, एंटर.
वरचा बाण, एंटर.
अकरा वर्षं.
तिच्या कीबोर्डावर ते एक बटण
सहाणेसारखं झिजलेलं, बाण पुसलेला,
आणि मॉनिटरच्या कडेला पिवळी चिठ्ठी.
चिठ्ठीवर नुसतं प्रश्नचिन्ह.

नोव्हेंबरातल्या एका शुक्रवारी मी विसरले.
'नाव'चं 'पूर्णनाव' केलं होतं,
माहितीत केलं, साच्यातही केलं,
फक्त साचा चालवला नव्हता. बस होती सव्वापाचची.
दोनशे बारा घरांत पत्र पडलं:
प्रिय, मग थोडी जागा, मग स्वल्पविराम.
एका म्हाताऱ्यांचा फोन आला. ओरडूनच बोलत होते.
"मला ऐकू येत नाही, कबूल.
पण मी आहे अजून."

तेव्हा म्हटलं, हे आता माणसाच्या आठवणीवर ठेवायचं नाही.
दहा ओळींचा एक पहारेकरी बसवला.
फाइल हलली की त्याने उठायचं,
साचा घडवायचा, एक पत्र काढून बघायचं, पुन्हा आडवं व्हायचं.
बघायच्या पत्रावर नाव कायम एकच, नॉरीनने घातलेलं:
डग्लस क्लेग.
कोण गं हा?
"अठ्ठ्याण्णव साली चाळीस पौंड नेलेत माझे.
तेव्हापासून रोज बोलावतेय."

पहारेकऱ्याला एक सांगायचं राहिलं,
की स्वतः केलेलं बघत बसू नकोस.
त्याने साचा घडवला, घडवलेला त्याच फोल्डरात ठेवला,
फोल्डर हलला म्हणून दचकला,
उठला, पुन्हा घडवला, ठेवला,
दचकला.
सकाळी दार उघडलं तर
पंख्याला धाप लागलेली,
आणि काळ्या पडद्यावर आकडा:
एकेचाळीस हजार तीनशे सहा वेळा
प्रिय डग्लस क्लेग,
मंगळवारी या.

नॉरीन कोटही न काढता बघत राहिली.
"तरी आला नाही,"
एवढंच म्हणाली, आणि किटली लावायला गेली.

एक ओळ पुरली. हा फोल्डर सोडून बाकी बघ.
ती लिहिताना मात्र हात थोडा रेंगाळला.
आईशी फोनवर बोललेलं एक वाक्य
रात्री दोनला पुन्हा घडवते, पुन्हा ठेवते,
ठेवल्याच्या आवाजाने पुन्हा जागी होते.
मला कुठे आहे अशी ओळ.

आता साचे आपले आपण चालतात.
कुणी कुणाला विचारत नाही.
चिठ्ठी नॉरीनने काढलेली नाही,
डिंक गेलाय, तिने टेप लावलीय.
माझं बोट अजून जातं वरच्या बाणाकडे,
मग आठवतं, मग उगाच
दुसरं काहीतरी दाबते.

काल बसकडे जाताना पुलाखाली थांबले.
महिरपीच्या बरोबर मधोमध, ओली थंडी, कुणी नव्हतं.
मोठ्याने म्हणून बघितलं
नाव. पूर्ण. आडनावासकट,
त्यातल्या त्या ळसकट, जो इथे कुणालाच जमत नाही,
नॉरीनलाही नाही.

विटांना जमला.