डबा

कागदावर नाव मुरारी गंगाराम खडपे, वय बावन्न.
आजार या शब्दापुढे
पेनाची एक आडवी रेघ.

करोना नाही. दोनदा तपासलं, नाही.
लेप्टो नाही, डेंग्यू नाही.
तरी संध्याकाळी साडेपाचला ताप येतो,
मिरकरवाड्याला होड्या लागाव्यात तसा,
वेळेवर.

मला फाटकाच्या आत सोडत नाहीत.
वॉर्डबॉय अश्फाक आजचा डबा नेतो,
कालचा आणून देतो.
तो मी भाट्याच्या पुलावर, कठड्याला टेकून उघडते.
डॉक्टर सांगत नाहीत ते डबा सांगतो:
पेजेवर साय तशीच, चमचा कोरडा.
एकदा सुक्या बांगड्याचं नुसतं शेपूट मोडलेलं,
त्या दिवशी मी पुलावरून जवळजवळ धावले.

फोनवर म्हणतात, "सगळं जेवलो गो."
सव्वीस वर्षांत यांना खोटं बोलायला जमलं नाही.
उरलेलं मी खाडीत टाकते.
भरतीचं पाणी ते उलटं, वर घेऊन जातं.

आज डबा हलका लागला.
उघडला तर आत काहीच नाही.
विसळून, पुसून, कोरडा.

घरी स्वतःचं ताट उचलायचे नाहीत.

जेवले असतील?
की ओतून टाकलं,
आणि मला दिसू नये म्हणून धुतला?

झाकण लावलं. परत फाटकाकडे वळले.
खाटेपासून बेसिन किती पावलांवर आहे,
अश्फाकला विचारायला हवं.