कारण देणे बंधनकारक नाही

जतच्या पूर्वेला, एसटीची पाटी जिथं कानडीतही लिहितात,
तिथल्या समाजमंदिरात आम्ही चादरींचे पडदे बांधले.
कुठल्या गावाला तपासणी, कुठल्या गावाला नुसतं माहितीपत्रक,
हे मिरजेत बंद पाकिटांनी आधीच ठरवलं होतं.
पाकिटं मी फोडली नाहीत. मी फक्त जीप भरली:
स्पेक्युलमचे डबे, बॅटरीचा दिवा, आयोडीनची बाटली,
आणि नऊ पानी संमतीपत्रांचे दोन गठ्ठे.

निलव्वा बिराजदार. वय अडतीस. लेकरं तीन, जगलेली दोन.
अंगावरून पांढरं जातं का?
न्हाई.
पाळी सोडून रक्त?
न्हाई.
संबंधानंतर?
तिनं पडद्याकडं बघितलं, मग माझ्या पेनाकडं.
"हे कोण वाचतंय?"
नाव कुणी वाचत नाही, म्हटलं. तुमचा नंबर असतो. चारशे सतरा.
"मग व्हय लिव."

संमतीपत्र मी मोठ्यानं वाचते,
कंडक्टर थांबे ओरडतो तसं, न बघता.
मुद्दा सातवा: आपण या अभ्यासातून कधीही बाहेर पडू शकता.
कारण देणे बंधनकारक नाही.
"परत वाच."
वाचलं.
"कवाबी?"
कधीही.
"आन् कुणी इचारणार न्हाई, का म्हणून?"
नाही.
ती हसली, तोंडाला पदर न लावता.
"जल्मात कुणी म्हटलं न्हवतं मला असलं."
आणि शाईचा पॅड तिनंच ओढून घेतला.

मुजावर मॅडमनी मला बोलावून दाखवलं.
आयोडीन लागलं की निरोगी भाग काकवीसारखा गडद होतो.
पेशी जिथं बिघडायला लागल्यात, तिथं रंग धरत नाही.
तिथं पिवळं राहतं.
नखाएवढं. हळदीचं पिवळं.
कॅन्सर नव्हे हा, मॅडम म्हणाल्या,
त्याच्या वाटेवरचं गाव.

तापलेल्या टोकाचे चाळीस सेकंद मी मोजले.
माझं मनगट निलव्वाच्या मुठीत,
तिचे आकडे कानडीत, माझ्या पुढं धावणारे.
मग सूचना: सहा आठवडे नवऱ्यापासून लांब.
"हे त्याला लिवून दे."
दिलं. लेटरहेडवर, शिक्क्यासकट.

वर्षानं गेले तर घरात नवरा होता.
त्यानं तो कागद जपला होता, चार तुकड्यांत.
"तुमच्या ह्या कागदानं गेली."
फॉर्ममध्ये पर्याय तीन: स्थलांतर, मृत्यू, संपर्क नाही.
मी पेन्सिलनं एकावर खूण केली
आणि जीपमध्ये बसून खोडली.

सापडली सांगलीत, मार्केट यार्डामागं,
हळद पॉलिश करायच्या ड्रमापाशी.
पापण्या पिवळ्या, कानाच्या पाळ्या पिवळ्या,
नाकातोंडावर फडकं.
तुम्ही बाहेर पडलात का, मी ओरडून विचारलं.
ड्रम थांबेपर्यंत ती थांबली.
"तुमच्यातनं न्हाई, अक्का. घरातनं.
सातवा मुद्दा."

मिरजेपर्यंत ती माझ्या स्कूटीवर मागं.
सीटवर उमटली ती पिवळी, अजून पुरती गेली नाही.
मॅडम वाकल्या त्या बराच वेळ वर बघेनात.
मी भिंतीवरच्या घड्याळाचा काटा ऐकत होते.
"गडद," त्या म्हणाल्या. "सगळीकडं."

चप्पल घालता घालता निलव्वानं विचारलं,
"माझ्या भनीचं गाव वड्यापल्याड हाय. तिथं कवा येणार?"
तिथं पाकिटात माहितीपत्रक निघालं होतं.
अभ्यास संपल्यावर, म्हटलं. अजून तीन वर्षं.
"का म्हणून?"
मी कारण दिलं. तुलना, संख्या, चिठ्ठ्या.
पाठ आहे तेही.
तिनं नीट ऐकून घेतलं, मान हलवली,
आणि महिन्याभरात बहिणीला यार्डात कामाला आणलं,
तिथून मिरजेला, बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेत,
जिथं पाकीट कुणी विचारत नाही.

दोन गटांची माणसं अशी एकमेकांत मिसळली
की आमच्या भाषेत त्याला भेसळ म्हणतात.
नोंदवावी लागते.
तारखेसाठी रकाना आहे, सहीसाठी आहे.
कागद माझ्या पिशवीत आहे.
मी अजून नोंदवलेली नाही.