एक जानेवारी दोन हजार दोन

धान खरेदी केंद्रातला संगणक
रोज सकाळी एक जानेवारी दोन हजार दोनला जागा होतो.
आतला बटणाएवढा सेल कधीचाच मेलाय.
टेमदेव लांजेवार भिंतीवरच्या कॅलेंडरात बघतात,
त्याला आजची तारीख सांगतात,
मग दोघं कामाला लागतात.

माझा सेटअप त्याच्यावर चालेना.
नागपूरहून आणलेला, नवा, चकचकीत.
"ही प्रणाली फार जुनी आहे," म्हणाला आणि मिटला.
बाहेर अठरा ट्रॅक्टर,
आणि सतरा टक्के ओलाव्याचं धान
उन्हात पाय पसरून बसलेलं.

त्या रात्री कुरखेड्याच्या लॉजवर
मी गाठोडं सोडलं, परत बांधलं.
सावल्या काढल्या, सरकत्या खिडक्या काढल्या.
चौसष्ट बिटांचं वेगळं, बत्तीसचं वेगळं.
अक्षरं आत घातली, ती जुळवणारी फाइलही,
नाहीतर क्विंटलमधल्या क चा पाय
मोडलेला तसाच दिसतो
आणि वेलांटी उभी राहते भलत्याच दाराशी.

मराठी झाली. हिंदी झाली.
गोंडीसाठी जैवंता मडावीला फोन लावला.
'नाही'ला तिनं पटकन 'हिल्ले' दिलं.
'रद्द करा'ला थांबली.
काय रद्द करायचं ते सांग आधी, म्हणाली,
मोजलेलं धान, की आणणाऱ्याचं नाव?
इतकी वर्षं दाबत आले हे बटण,
मला कुणी विचारलंच नव्हतं.
तिनं सांगितलेले तीन शब्द
बटणात मावेनात.
मी बटण रुंद केलं.

सकाळी पेनड्राइव्ह लावला.
भाषा विचारली, पट्टी सरकली,
ऐंशीवर अडली :
माझी सही अजून लागू झालेली नाही म्हणे.
बरोबरच होतं त्याचं,
दोन हजार दोनमध्ये मी चौथीत होते.

"तारीख सांगाची रायली," टेमदेव खुर्ची ओढत म्हणाले,
"याले काई म्हनू नोको बाई.
सकारी इसरते.
सांगतलं का दिसभर ध्यानात ठेवते."

पहिली पावती निघाली : सुरजू हलामी,
बेचाळीस क्विंटल.
सुरजूनं ती उन्हाकडे धरून पाहिली,
घडी घालून टोपीत खोवली.

निघताना तीस रुपयांचा सेल
मी टेमदेवांच्या हातात दिला.
त्यांनी तो उलटसुलट पाहिला
आणि खणात ठेवला,
रबरबँडच्या शेजारी.