कळण्याच्या पिठाचं माप

चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये माझी अख्खी मूठ जाते.
तेवढंच मला सोसत नाही.
रावेरच्या एका डॉक्टरकडून घेतलेली ही पांढरी एस्टीम,
अंगानं अजून शिडशिडीत,
पण उभी राहते चिखलातून निघालेल्या बाईसारखी,
लुगडं घोट्याच्या वर धरून.

फैजपूरला अकरावीच्या वर्गात मी स्प्रिंगचा नियम शिकवते.
जितका जोर, तितका दाब. फळ्यावर सरळ रेघ.
त्या रेघेवर मी कधी गतिरोधक काढला नव्हता.

भुसावळात हनीफ पिंजारींनी फळीवर तीन जोड मांडले.
पंचवीस मिलिमीटर खाली बसवणारा, लाल.
चाळीसवाला काळा.
आणि साठवाला पिवळाधमक, नवरदेवाच्या फेट्यासारखा.
माझा हात कुठे गेला ते सांगायला नको.
"बाई, तो फोटूचा आहे," ते म्हणाले.
"फोटूत खड्डे राहत नाही."

आहे तीच स्प्रिंग दीड वेढा कापली तर?
त्यांनी दोन्ही कानांना हात लावले.
त्यांचे वडील गाद्या भरायचे,
धनुकलीची तार ऐकत ते मोठे झाले.
"नुसती मऊ गादी पाठ मोडते, नुसती कडक झोप मोडते.
आखूड स्प्रिंगला दबायला जागा कमी,
म्हणून ती थोडी कडकच पाहिजे,
नाहीतर प्रत्येक खड्ड्याला रबरावर आपटेल.
आणि तिला आवरायला शॉकअपही नवा.
जुना ठेवला तर
म्हातारा बैल आणि गोऱ्हा एका जुवाला."

मग विचारलं, "मागे कोण बसतं?"
गाडीच्या दुकानात हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.
आई, म्हटलं. आणि तिचा डावा गुडघा.
रविवारी मावशी.
डिकीत केळीचे दोन घड, कधी तीन.
त्यांनी ते सगळं किलोत करून तळहातावर लिहिलं,
गुडघ्यासकट.

पैसे घेतले नाहीत. म्हणाले, उद्या पीठ आणा.
कळण्याचं, ज्वारी-उडदाचं, घट्ट मळून.
गाडीच्या पोटाखाली, सगळ्यात खालच्या जागी,
त्यांनी तीन गोळे लोंबते चिकटवले:
एक पंचवीसचा, एक चाळीसचा, एक साठचा.
पट्टीनं मोजले, अंगठ्यानं दाबले.
"सगळ्यांना बसवा, घरी जा, परत या.
काय उरतं ते रस्ता सांगेल."

साठचा तापीच्या पुलाआधीच गेला.
आरशात एक कुत्रं खूश दिसलं.
चाळीसचा बराच टिकला,
मी मनातल्या मनात काळ्या जोडाचे पैसेही मोजले.
मग फाट्याजवळचा तो गतिरोधक आला,
गावानं एका रात्रीत घातलेला, खडी-मुरमाचा,
ना पट्टे, ना पाटी, उंची रागाएवढी.
भाग्येश तिथे सायकलवर होता.
प्रॅक्टिकलला दोन दिवस राहिले होते,
त्याची जर्नल अजून माझ्या कपाटात आहे, सही न झालेली.
त्या उंचवट्याला शिवी देताना मी कुणाला ऐकलं नाही.

गाडी तिरपी घातली, तरी खरवडल्याचा मऊ आवाज आला.
खाली उतरून पाहिलं,
मुरमावर पिठाचा राखाडी गोळा.
मावशी म्हणाली, "राहू दे वं, चल."
आई गुडघा सांभाळत उतरली,
गोळा उचलला, फुंकर मारली
आणि कडेच्या दगडावर ठेवला.
कुणी काही बोललं नाही.
फैजपूर येईपर्यंत मी तिसऱ्याच गियरमध्ये होते.

पंचवीसचा परत भुसावळात पोचला,
हनीफभाईंच्या अंगठ्याच्या ठशासकट.

आता मडगार्डखाली तीन बोटं जातात.
"मॅडम, काहीच फरक नाही," पोरं म्हणतात.
वळणावर गाडी आधीसारखी कलत नाही,
आई मागे डुलकी घेते,
हे त्यांना बाहेरून दिसत नाही.

पिवळा जोड अजून त्या फळीवर आहे.
भुसावळला गेले की
जरा हात लावून येते.