आख्खं बेट एक माणूस

सकाळी सातला बोट रद्द झाली
आणि सात वाजून एक मिनिटाने
माझ्या पडद्यावरची आडवी रेघ
खडकासारखी उभी राहिली.

हेलिकॉप्टरला जागा आठ.
फेब्रुवारी, वारा नैर्ऋत्येचा.
तोर्सहाव्नच्या बंदरात दोरखंड कुरकुरत होते
आणि माझ्यापुढे ४२९, ४२९, ४२९ :
फार विनंत्या आल्या. नंतर या.

'नंतर या' हे मीच लिहिलेलं,
दोन वर्षांपूर्वी एका शहाण्या दुपारी.
एका पत्त्यावरून मिनिटाला साठ,
त्यापुढे दार बंद.
चोरांसाठी बसवलेली कडी होती ती.

फोन वाजला. तुम्मास.
तीस वर्षं त्या बेटाच्या धक्क्यावर उभा राहून
बोटीतून उतरणाऱ्यांना हात दिलेला माणूस.
"तुझं यंत्र म्हणतंय, मी फार विचारतो.
मी एकदाच विचारलं गं, मारयुन.
उद्या तूरीच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे.
एकदाच विचारलं."

मी आधी यंत्रं वाढवली. चाराची आठ.
काही फरक नाही.
ह्याल्ग्रिम म्हणाला, मर्यादाच काढून टाक.
काढली.
मग दार सताड उघडं आणि घरच बसलं :
एरवी डोळ्याची पापणी लवायच्या आत येणारं उत्तर
नऊ सेकंद, अकरा सेकंद,
मग उत्तरच नाही, नुसतं फिरणारं चाक.
सगळा डेटाबेस एका ओळीपाशी अडकलेला,
कोण कोणाच्या मागे, कोणालाच ठाऊक नाही.
कडी पुन्हा लावली.
हात थरथरत होता, खोटं कशाला सांगू.

मग नोंदी वाचायला बसले.
खरं तर तिथूनच सुरुवात करायला हवी होती.
ओळीमागून ओळ, आणि प्रत्येक ओळीत
पत्ता एकच.

बेटावर सव्वीस माणसं आणि एक मनोरा.
तुम्मास, तूरी, पोस्टातली बेर्ग्तोरा,
शाळेतली दोन्ही पोरं, त्यांची मास्तरीण,
सगळी त्या मनोऱ्याच्या एकाच दारातून
एकच नाव लावून बाहेर पडतात.
माझ्या लेखी ते आख्खं बेट
एक माणूस होतं :
उतावळा, हावरा,
कडी वाजवत सुटलेला.
चोर सोडून मी संन्याशाला सुळी दिली.

आणि अजून एक.
नकार आला की माझंच ॲप, कोणाला न विचारता,
दर सेकंदाला पुन्हा विचारायचं.
म्हणजे तुम्मास खरं बोलत होता.
त्याने एकदाच विचारलं.
त्याच्या वतीने मी सदतीसदा विचारलं
आणि सदतीसदा मीच त्याला नाही म्हटलं.

त्याला हे सांगितलं. तो हसला नाही.
म्हणाला, "धक्क्यावर असंच असतं.
लाट वर आली की एकाने उडी मारायची.
बाकीच्यांनी आपापली लाट बघायची.
सगळे एकदम उडाले, तर हात देणाराही पाण्यात."

मी तेवढंच लिहिलं.
मोजायचं ते माणसागणिक, मनोऱ्यागणिक नाही.
नकार आला तर एक सेकंद थांब, मग दोन, मग चार,
आणि त्यात थोडं आपल्या मनाचं मिसळ,
म्हणजे शेजारच्याशी टक्कर नको.
आठ बावन्नला रेघ खाली बसली.
ह्याल्ग्रिमने अंगठा दाखवला, मी कॉफी गरम केली.

जागा मात्र आठच होत्या.
त्या कुठल्याच कोडने वाढत नाहीत.
तूरीचा नंबर नववा लागला.

नऊ चौदाला एक जागा सुटली.
मी नोंद उघडली : बेर्ग्तोरा, रद्द.
तिचा दात आठवडाभर ठणकतोय
हे बेटावर सगळ्यांना माहीत,
हे मला तुम्मासने नंतर सांगितलं.
नोंदीत कारणाचा रकाना असतो.
तो तिने रिकामा सोडला होता.